आत्यानं मला उभं केलं ते वर्ष

मागच्या महिन्यात एक बाई मला शोधत घरी आल्या. त्यांच्या नवऱ्याला जीबीएस झाला होता, म्हणजे मला झाला होता तोच, नसा लुळ्या पाडणारा आजार. दवाखान्यातून तो घरी आला होता, जेवत होता, हात थोडे हलवत होता. पण बाईंची काळजी वेगळीच होती. ओट्यावर बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, "ताई, ते रडत बी न्हाईत आन् हासत बी न्हाईत. लेकरू जवळ नेलं तरी भिताडाकडं बघत्यात. आमच्यावर राग आलाय का त्यांना?"

मी म्हणाले, "राग नाही. राग यायला सुद्धा काहीतरी वाटावं लागतं. त्यांना आत्ता काहीच वाटत नसेल."

बाईंना ते पटलं की नाही ठाऊक नाही. त्या गेल्यावर वाटलं, हे नीट लिहून काढायला हवं. आजाराची माहिती डॉक्टर देतील. मला सांगायचंय ते त्या वर्षात आमच्या घरात काय झालं तेवढंच.

पायांतून सुरुवात

तेव्हा मी पुण्यात पीएच.डी. करत होते. बदनापूरच्या शाळेतून निघून तिथवर पोचलेली आमच्या घरातली मी पहिलीच. वडील, म्हणजे नाना, कृषी संशोधन केंद्रात तुरीच्या प्लॉटांवर काम करून निवृत्त झालेले. आई बदनापुरातच शिक्षिका. मला संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा नानांनी स्टेशनवर भेटेल त्याला सांगितलं होतं, "पोरीला सरकार पगार देऊन शिकवून राह्यलंय."

विषय होता म्हातारपणातल्या हालचालींचा. वय झालं की हात मंदावतात, नवी हालचाल शिकायला वेळ लागतो. अशा वेळी मेंदूच्या हात हलवणाऱ्या भागाला बाहेरून, कवटीवरूनच, चुंबकाचे हलके ठोके दिले तर शिकणं सोपं होतं का, हे मी तपासत होते. साठी-सत्तरीतली धडधाकट माणसं आमच्याकडे येत. मी त्यांच्या डोक्याशी चुंबकाचं कडं धरायची, ठोका द्यायची आणि मग त्यांना लाकडी खुंट्या भोकांत बसवायला सांगायची. काम किचकट होतं, पण मला आवडायचं.

उन्हाळ्यात एका लग्नासाठी घरी आले. लग्नातलं जेवण बाधलं, पोट बिघडलं, दोन-चार दिवसांत बरंही झालं. परत जायची बॅग भरत होते तेव्हा तळपायांना मुंग्या यायला लागल्या. मांडी घालून बसल्यामुळे असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातून येताना उंबऱ्याला पाय अडखळला. त्याच्या पुढच्या सकाळी खाटेवरून उठले आणि गुडघ्यांतून मोडल्यासारखी खाली बसले.

आई म्हणाली, "अशक्तपणा आहे. दोन दिवस काही खाल्लं नाहीस."

मला कळलं होतं. पुस्तकात वाचलेलं होतं सगळं. पण मी आईला म्हणाले, "हो, तसंच असेल."

निदानाचा दिवस

जालन्याच्या डॉक्टरांनी मला टेबलाच्या कडेला बसवून गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या पायावर मारली. तोही नाही. त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि नानांना बाहेर बोलावलं. दार अर्धवट उघडं होतं.

"औरंगाबादला हलवा. घरी जाऊ नका, इथूनच निघा."

नाना म्हणाले, "साहेब, कपडे तरी घेतो."

"कपडे मागून कुणी आणील. छातीपर्यंत चढलं तर श्वास अडकतो."

जीपमध्ये मागच्या सीटवर आईच्या मांडीवर माझं डोकं होतं. आई रडत होती, तिचे अश्रू माझ्या कानात जात होते. मला फक्त कान पुसावासा वाटत होता आणि हात उचलत नव्हता. बाकी काही नाही. भीती वाटली असती तर बरं झालं असतं असं आता म्हणते. भीती दोन-तीन वेळा लांबून डोकावली आणि निघून गेली.

औरंगाबादला नसांची तपासणी झाली. तपासणाऱ्याने माझ्या घोट्याला तारा चिकटवल्या आणि म्हणाला, "थोडा झटका बसेल, घाबरू नका." मी पुण्यात रोज हेच वाक्य म्हणायची. पडद्यावरची रेघ मला वाचता येत होती. ती जवळजवळ सपाट होती. त्याने पडदा माझ्यापासून थोडा वळवला. तो भला माणूस होता.

छत

नंतरचे कितीतरी दिवस मी एकच छत पाहिलं. श्वास अडकायला लागला तेव्हा घशात नळी घातली आणि मशीन माझ्यासाठी श्वास घ्यायला लागलं. बोलता येत नव्हतं, मान हलत नव्हती. डोळे मिटता यायचे. एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. हे सुनंदा सिस्टरांनी ठरवलं होतं.

सुनंदा सिस्टर माझ्या खाटेशी आल्या की पहिल्यांदा वेळ सांगायच्या. "रेखा, सकाळ झाली. बाहेर कडक ऊन आहे." "रेखा, दुपार झाली, आता तुला कुशीवर करते." दिवे कायम चालू असत, खिडकी नव्हती. त्यांनी सांगितलं नसतं तर दिवस कुठे संपतो हे मला कळलं नसतं. उशी उलटी करून थंड बाजू मानेखाली द्यायच्या. मानेला तेवढं जाणवायचं. त्या आमच्या गावच्याच असाव्यात अशा आपुलकीनं बोलायच्या, पण मी त्यांचं आडनाव कधी विचारलं नाही आणि नंतर शोधायला गेले तेव्हा त्यांची बदली झाली होती.

जिच्या खाटेशी तुम्ही बसला आहात ती सगळं ऐकत असते, हे मात्र लक्षात ठेवा. माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभं राहून एका नातेवाइकांनी नानांना विचारलं, "मंग आता हिचं असंच का?" मी डोळे दोनदा मिटले. पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

नानांना थोडाच वेळ आत सोडत. ते यायचे, माझा हात हातात घ्यायचे आणि तूर उगवून आली, पाऊस बराबर झाला, असं काहीबाही सांगायचे. हात धरलाय हे मी डोळ्यांनी पाहायची. त्यांच्या बोटांचा गरमपणा मला कळत नव्हता. एकदा बोलता बोलता ते म्हणाले, "बाई, एकदा तरी रड. तुझी माय म्हणती, पोरगी आपल्यापासून लांब गेली."

मी रडले नाही. प्रयत्न केला होता.

आत्या आली

मशीन सुटलं, नळी निघाली, हात थोडे परत आले आणि मला घरी आणलं. पाय मात्र दोन ओल्या पोत्यांसारखे होते. उचलून ठेवायचे, तिथेच राहायचे. आईची रजा संपली होती. नानांची कंबर धरलेली. तेव्हा पिंपळगाव रेणुकाईहून आत्या आली.

आत्या म्हणजे नानांची थोरली बहीण. सत्तरीची, नऊवारी लुगडं, विधवा, मुलगा भास्करदादा शेती सांभाळतो. तिला कुणी बोलावलं नव्हतं. एसटीतून उतरून, हातात पिशवी घेऊन ती सरळ माझ्या खाटेपाशी आली. मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कवापासून अशी पडून राह्यली?"

"झाले दोन-तीन महिने."

"मंग बास झालं की."

आत्या प्रेमळ होती असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. ती तापट होती. आईचं आणि तिचं पहिल्याच आठवड्यात वाजलं. आई म्हणे, फिजिओथेरपीवाल्यांनी सांगितलं तेवढंच करायचं, जास्त ताण द्यायचा नाही. आत्या म्हणे, पडून पडून पोरीची हाडं गंजतील. "आक्का, तुम्ही मध्ये पडू नका," असं आई एकदा म्हणाली, तर आत्या दोन दिवस तिच्या हातचं जेवली नाही. शेजारच्या फातिमाभाभींकडून भाकरी आणून खाल्ली. नाना दोघींच्या मध्ये वर्तमानपत्र धरून बसायचे.

फिजिओथेरपीचे सर आठवड्यातून एकदा जालन्याहून यायचे. कंबरेला पट्टा बांधून उभं कसं करायचं ते त्यांनी दाखवलं. पट्टा टोचतो म्हणून आत्यानं तिचं जुनं लुगडं घडी करून माझ्या कंबरेला गुंडाळलं, पुढे गाठ मारली आणि ती गाठ मुठीत धरून मला खाटेवरून वर ओढायला लागली. सकाळी आई शाळेत गेली की आमचं हे सुरू व्हायचं.

"जोर लाव."

"लावतेय."

"कुठं लावून राह्यली? मला तर दिसंना."

पुण्यात मी म्हाताऱ्या माणसांच्या हालचाली मोजल्या होत्या. त्यांना उठायला वेळ का लागतो याचं कारण मला कागदावर माहीत होतं. आता आत्या जमिनीवरून उठायची तेव्हा मी बघत राहायची. आधी एक हात फरशीवर, मग गुडघा, मग क्षणभर थांबणं, मग भिंत. मलाही तसंच उठावं लागत होतं, फक्त माझं वय सव्वीस होतं. ती मला उभी करायची आणि स्वतः दम खात खाटेवर टेकायची. तिला हे झेपत नव्हतं. ते मला दिसत होतं. पण तिला नको म्हणावं इतकंही माझ्या आतून काही यायचं नाही.

मॅडमांचा फोन

माझ्या मार्गदर्शक, मॅडम, अधूनमधून फोन करायच्या. एका दुपारी आत्यानं रिसीव्हर माझ्या कानाशी धरला.

"रेखा, मला हे विचारायला जड जातंय," मॅडम म्हणाल्या. "अनुदान देणारे अहवाल मागतायत. यंत्र असं रिकामं ठेवता येत नाही. तुझं काम दुसऱ्या कुणाला देऊ का? तुझं नाव राहील, पण विषय…"

"द्या," मी म्हणाले.

"नीट विचार कर. चार दिवस घे."

"नको. द्या."

आत्यानं फोन ठेवला. "काय द्यायला लावलं तू?"

मी सांगितलं. तिनं पदरानं फोन पुसला. मग म्हणाली, "रेखे, मला तुझं ते शिक्षण कळत न्हाई. पण इतकी वर्षं घरदार सोडून राह्यली ते कशापायी? अन् आता द्या म्हणती, जशी वाटीभर साखर देऊन राह्यली."

"मला काही वाटत नाही त्याचं, आत्या."

"तेच तर." तिनं लुगड्याची गाठ तपासली. "आज वाटत न्हाई. उद्या वाटलं तर कोणाला मागशील?"

संध्याकाळी नाना आल्यावर तिनं त्यांना फोन लावायला लावला आणि स्वतः बोलली. मॅडमांना काय समजलं देव जाणे. आत्या ओरडून बोलत होती, फोनवर लांबचं माणूस असल्यावर ओरडावं लागतं असं तिला वाटे. "बाई, आमची पोरगी आता आजारी हाये. तिचं ऐकू नका. बिलकुल ऐकू नका. ती बरी झाल्यावर इचारा." मॅडमांनी त्यानंतर माझ्या एका ज्युनिअरकडे तात्पुरतं काम दिलं. विषय माझाच राहिला.

दोघी जमिनीवर

दिवाळीच्या आधीची गोष्ट. आई शाळेत, नाना जालन्याला औषधं आणायला गेलेले. आत्यानं मला उभं केलं. त्या दिवशी मी खाटेपासून दारापर्यंत गेले. आत्या मागे-मागे सरकत माझ्यापुढे, गाठ तिच्या मुठीत. दारापाशी माझे गुडघे एकदम गेले. मी तिच्या अंगावर कोसळले. ती खाली, मी वर. शहाबादी फरशीवर तिचं कंबरेचं हाड आपटल्याचा आवाज मी ऐकला.

"तुला लागलं का?" तिनं सगळ्यात आधी हे विचारलं.

"नाही."

"मंग बाजूला हो. मला उठता येईना."

मी कोपरांवर बाजूला सरकले. तिचा एक पाय बाहेरच्या बाजूला विचित्र वळला होता. चेहरा पांढरा पडला होता. तिनं पाय हलवून पाहिला आणि ओठ चावला. आवाज केला नाही.

नळी काढल्यापासून माझा आवाज कुजबुजण्याइतकाच होता. ओरडून उपयोग नव्हता. मी कोपरांवर ओढत ओढत दाराबाहेर, ओट्यावर, ओट्याच्या दोन पायऱ्या खाली, अंगणातून लोखंडी फाटकापर्यंत गेले. नळाजवळ पितळी तांब्या होता, तो घेतला आणि फाटकावर आपटत राहिले. किती वेळ ते आठवत नाही. फातिमाभाभी धावत आल्या. "या अल्ला, रेखा बाहेर कैसी आई?"

"आत्या," मी म्हणाले. "आत आत्या पडलीय."

त्यांनी त्यांच्या मुलांना हाका मारल्या, रिक्षा आणली.

त्या दिवशी मला काय वाटलं, असं मला पुढे अनेकांनी विचारलं. मी कोपरं सोलवटलेली बघत होते. रक्त येत होतं. दुखत नव्हतं. आत्याला रिक्षात घालताना तिनं पहिल्यांदा "आई गं" म्हटलं आणि मी ते ऐकलं, एखाद्या दुसऱ्या घरातून यावं तसं.

फिजिओथेरपीचे सर पुढच्या आठवड्यात आले, त्यांना सगळं कळलं होतं. ते म्हणाले, "तुम्ही स्वतःहून फाटकापर्यंत गेलात? हे फार मोठं आहे." त्यांना आनंद झाला होता. आई स्वयंपाकघरात निघून गेली.

भास्करदादा

आत्याच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. जालन्यात ऑपरेशन झालं, आत सळई घातली. भास्करदादा पिंपळगावहून आला. दवाखान्यात आत्याला भेटून तो थेट आमच्या घरी आला आणि माझ्या खाटेसमोर उभा राहिला. तो मोठ्यानं बोलणारा माणूस नाही. म्हणून ते जास्त ऐकू आलं.

"माझी माय पायानं आल्ती तुमच्याकडं. तिकडं ती रोज मळ्यात जायची. आता तिला उचलून न्यावं लागंल."

नाना म्हणाले, "भास्कर, कोणी मुद्दाम…"

"मामा, मी मुद्दाम म्हणून राह्यलो न्हाई. पण तुम्हाला दिसत न्हव्हतं का, ती म्हातारी हाये? शिकलेली माणसं ना तुम्ही?"

त्याचं बरोबर होतं. तो आत्याला जीपमधून घेऊन गेला. जाताना आत्या आमच्या दारासमोर जीप थांबवायला लावून आतूनच ओरडली, "रेखे! रोज उभी राह्य. भिताड धर अन् उभी राह्य!" भास्करदादानं काच वर केली.

मी रोज उभी राहिले. भिंत धरून, मग काठी धरून. आईनं शाळेतून यायचं, पदर खोचायचा आणि माझ्याबरोबर अंगणात चालायचं. आम्ही फार बोलायचो नाही. पण एकदा चालता चालता ती म्हणाली, "आक्कांना मी नीट वागवलं नाही." मी म्हणाले, "मीही नाही." पुन्हा चालायला लागलो.

परत

उन्हाळ्यानंतर मी पुण्याला गेले. तळपाय अजून बधिर होते, आजही थोडे आहेत. चप्पल पायातून निसटली तर मला दोन पावलं पुढे गेल्यावर कळतं.

मनाचा बधिरपणा कधी गेला असं विचारलंत तर त्याला दिवस-वार नाही. प्रेम, आनंद, दुःख यांपैकी पहिल्यांदा काही आलं नाही. पहिल्यांदा आली ती चीड. शिवाजीनगरला सिटी बसचा कंडक्टर माझी काठी बघूनही "जल्दी चढा" म्हणाला आणि मी त्याच्याशी कडाकडा भांडले. सीटवर बसले तेव्हा मला बरं वाटत होतं. ज्या घरात हे चालू आहे त्यांना एवढंच सांगते: तुमचं माणूस तुमच्यावर खेकसलं तर वाईट वाटून घेऊ नका. कदाचित ते परत येतंय.

काम पूर्ण झालं. जे निघालं ते थोडंसंच होतं. चुंबकाच्या ठोक्यांनी काही म्हाताऱ्यांचा हात थोडा लवकर शिकला, बहुतेकांत तो फरक टिकला नाही. मी तसंच लिहिलं. मॅडम म्हणाल्या, जे आहे ते लिहिणं हेच काम.

पिंपळगाव

पदवी मिळाल्यावर मी पिंपळगावला गेले. आधी जायला हवं होतं. दोनदा निघाले होते, भोकरदनपर्यंत जाऊन परत फिरले होते.

भास्करदादा ओसरीवर बसला होता. "ये," म्हणाला आणि पुन्हा वायर सोलायला लागला. दुसरं काही नाही. आत्या आत खाटेवर होती. वॉकर भिंतीला टेकवलेला, त्याच्यावर टॉवेल वाळत घातलेला. वहिनी म्हणाल्या, सासूबाई चालतच नाहीत. पडायची भीती बसलीय.

आत्या बारीक झाली होती. तिनं माझे पाय बघितले, मग काठी नसलेले हात बघितले.

"डाक्टर झाली म्हणं."

"औषधं देणारी नाही. दुसरी."

"तुझ्या त्या मशिनीनं माझं चालणं परत येईल का?"

खोलीत वहिनी उभ्या होत्या. ओसरीवरचा वायर सोलण्याचा आवाज थांबला होता.

"नाही आत्या," मी म्हणाले. "नाही येणार."

"मंग इतकी वर्षं काय केलं?"

"हाच शोध घेत होते. येतं का न्हाई ते."

तिला हसू आलं. दात नव्हते, हसू मात्र जुनंच होतं. आणि मला, कसं ते सांगता येणार नाही, एकदम रडू कोसळलं. आत्याच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून मी बराच वेळ रडले. ती माझ्या पाठीवर थापट्या मारत राहिली, जनावराला मारतात तशा, जोरात.

"झालं का?" शेवटी ती म्हणाली.

"झालं."

"मंग तो टावेल काढ त्याच्यावरचा."

मी वॉकर आणला. आधी एक हात खाटेच्या काठावर, मग थांबणं, मग दुसरा हात. मी तिला ओढलं नाही, कोपराखाली नुसता हात धरला. ती उभी राहिली. वहिनी "पडताल, पडताल" म्हणत होत्या. आम्ही खोलीतून ओसरीवर आलो. माझे तळपाय मला कळत नव्हते आणि तिचा एक पाय आखूड झाला होता, त्यामुळे आम्ही दोघी डुलतच होतो.

ओसरीच्या तोंडाशी मोटरसायकल उभी होती. भास्करदादानं हातातली वायर खाली ठेवली, उठला आणि काही न बोलता मोटरसायकल मागे घेतली.

"आणखी घे," आत्या म्हणाली. "आम्ही दोघी हावोत."